मध्ये आय, शेवटी के

“सीने सुरू, मध्ये ई, शेवटी टी. बोला!”

सकाळी सातच्या शिफ्टला आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मास्तर प्रत्येकाचं स्वागत असं करायचे. आपल्या हातात डबा, डोळ्यांवर झोप, आणि समोर स्टोअरच्या जाळीतून बाहेर आलेलं त्यांचं टक्कल. चुकीचं उत्तर दिलं तर चालायचं. काहीच न बोलता आत गेलात तर मात्र त्यांचा दिवस खराब व्हायचा. त्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने बराच विचार करून “चीट” असा शब्द दिला. मास्तरांनी बोटाने हवेत लिहून पाहिलं. सी, एच, ई, ए, टी. अक्षरं पाच, मधलं ई, शेवटचं टी. वॉचमनचा चेहरा फुलला.

“बसतोय,” मास्तर म्हणाले, “पण नको. चीट म्हणजे फसवणूक. असलं नाव घेत माणसांनी आठ तास काम करायचं?”

शेवटी कॅन्टीनच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी लेकीला विचारून ‘चेस्ट’ आणला. चेस्ट म्हणजे छाती आणि चेस्ट म्हणजे पेटीसुद्धा, दोन्ही मजबूत, म्हणून मास्तर खूश. वॉचमन मात्र दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत बरोबर उत्तर दिलं आणि तेही नापास केलं.

मास्तर म्हणजे आमचे स्टोअरकीपर. शाळेशी त्यांचा संबंध दहावीपर्यंत आला, आणि दहावीशी तीनदा आला, कारण दरवेळी इंग्रजी राहायचं. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांच्या टेबलावर एक डिक्शनरी असायची. दुधाच्या पिशव्या कापून तिला कव्हर घातलेलं, आणि आतल्या प्रत्येक पानावर ऑइलचे अंगठे. सी आणि टीची पानं तर इतकी काळी झाली होती की अर्थ वाचायला ती उजेडाकडे धरावी लागत.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. आमच्याकडे पत्रा दाबून गाड्यांचे छोटे पार्ट बनतात. प्रत्येक पार्टचा एक लोखंडी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. डाय प्रेसमध्ये बसवायची, पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येते आणि पार्ट तयार. आमच्याकडे अशा ऐंशीच्या वर डाय होत्या. लांबून पाहिलं तर सगळ्या सारख्या, काळे चौकोनी ठोकळे. बाकीच्या जगात डायला नंबर असतो. आमच्याकडे डायला नाव होतं, ते इंग्रजी होतं, आणि ते पाच अक्षरांचंच होतं. डाय कस्टमरची मालमत्ता, तिच्यावर काही ठोकायला बंदी. म्हणून मास्तरांनी पितळी स्टेन्सिलची एक पट्टी बनवून घेतली होती, पाच खान्यांची. एकेका खान्यात एकेक अक्षर सरकवायचं आणि वरून पांढरा रंग मारायचा. सहा अक्षरी शब्द कुणी सुचवला की मास्तर म्हणायचे, “बसत नाही.” पुढे पुढे ते माणसांबद्दलही तसंच म्हणू लागले. एखादा नवा सुपरवायझर फार शायनिंग मारायला लागला की मास्तर हळूच म्हणत, “बसत नाही हा.”

नाव उगाच सुचलं म्हणून ठेवायचं नाही, तिथे मास्तरांचा कायदा होता. पहिलं अक्षर म्हणजे रॅक. मधलं अक्षर म्हणजे कप्पा. कप्पे पाच, स्वर पाच. सगळ्यात जड डाय खाली, म्हणून खालचा कप्पा ए, त्यावर ई, मग आय, ओ, आणि हलक्या डायसाठी सगळ्यात वर यू. शेवटचं अक्षर म्हणजे प्रेस. के म्हणजे कोपऱ्यातली, डी म्हणजे दाराजवळची, टी म्हणजे टाकीखालची. इंग्रजी अक्षरांना मराठी अर्थ कसा काय, असं मी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, “प्रेस आपली आहे ना?” म्हणजे ‘ट्रिक’ म्हटलं की कळायचं, टीचा रॅक, तिसरा कप्पा, कोपऱ्यातली प्रेस. ‘ब्रेड’ बीच्या रॅकवर दुसऱ्या कप्प्यात, आणि जायची दाराजवळच्या प्रेसला.

कागदावर हे वेडगळ वाटतं. पण शॉपवर उभं राहून ऐकलं की मजा यायची. जालन्याचा, परभणीचा, कोकणातला, जुन्या चिखली गावातला, प्रत्येक जण आपापल्या बोलीत या नावांना हाक मारायचा. “ब्लॅक लई जड हाय राव, दोघं या.” “टोस्ट कालच्याला तेल मागत होती.” “क्लाउड आज बरी चाललीय.” बीच्या रॅकवर, ओच्या कप्प्यात, दाराजवळच्या प्रेससाठी एक नाव हवं होतं. ‘ब्रॉड’ आधीच एका डायला दिलेला. उरला ‘ब्लड’. मास्तरांनी ती डाय तीन महिने बिननावाची ठेवली, तिला रॅकवर चढवू दिलं नाही, स्वतःच्या टेबलाजवळ पोत्यावर ठेवली, पण रक्त हे नाव दिलं नाही. मग डिक्शनरीत कुठेतरी ‘ब्रूड’ सापडला. त्याचा अर्थ अंड्यांवर बसणं हे मास्तरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं आणि त्या दिवसापासून पोरांनी तिला कोंबडी म्हणायला सुरुवात केली. मास्तरांना ते बिलकूल आवडलं नाही, पण त्यांचा इलाज चालला नाही.

नको असलेल्या शब्दांची त्यांची यादी लांबलचक होती. क्रॅक नको, ब्लास्ट नको, स्टक नको, ब्लंट तर नकोच. “डाय ऐकत असते,” असं ते अगदी गंभीरपणे सांगत. त्यांची नात कॉलेजला होती. तिने त्यांना मोबाइलवर पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ दाखवला. मास्तरांनी एक दिवस खेळला आणि सोडून दिला. “त्यात शब्द सापडला की संपलं,” ते मला म्हणाले, “आपल्याकडे शब्द सापडला की कामाला लागतो.”

मी तिथे डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागले होते. वर्षभर काम बघून कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. वय बावीस, लॅपटॉप नवा, आणि जगातल्या सगळ्या जुन्या गोष्टी चुकीच्या आहेत याची मला पक्की खात्री. मास्तर मला ‘मॅडम’ म्हणायचे, आणि त्या मॅडममध्ये थोडी साखर नि थोडं मीठ असायचं. एकदा त्यांना छेडावं म्हणून मी ‘स्विम्स’ असा शब्द नेला. कॅपिटलमध्ये लिहिला की तो उलटा धरला तरी स्विम्सच वाचता येतो. मास्तरांनी तो खडूने पत्र्यावर लिहिला, पत्रा फिरवला, आणि त्यांचा चेहराच उतरला. तो शब्द आमच्या कुठल्याच प्रेसला लागू पडणारा नव्हता, तरी त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसून काढला, वर कोरड्या फडक्याने पुसला.

“मॅडम, हा शब्द पुन्हा आत आणू नका,” ते म्हणाले.

मी हसत हसत ही गोष्ट कॅन्टीनमध्ये सांगितली. कुणीही हसलं नाही. किसनभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला बाजूला बसवून घेतलं. किसनभाऊ इन्स्पेक्शनच्या टेबलावर पार्ट तपासायचे. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. ते आणि मास्तर रोज एका डब्यात जेवायचे, हे मी पाहिलेलं होतं. त्या दोन बोटांची गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती.

पूर्वी आमच्याकडेही डायला नंबरच होते. तेव्हा मास्तर सेटर होते, म्हणजे प्रेसमध्ये डाय बसवून उंची लावून देणारे. किसनभाऊ कोपऱ्यातल्या प्रेसवर ऑपरेटर. एकदा घाईत सोळा नंबरची डाय रॅकवर उलटी ठेवली गेली. सोळा उलटा केला की एक्याण्णव होतो. मास्तरांना एक्याण्णव हवी होती. त्यांनी वाचलं, उचलली, बसवली. सोळा नंबर उंच होती, प्रेस एक्याण्णवच्या उंचीला लावलेली. पहिल्याच फटक्याला लोखंडावर लोखंड आदळलं आणि डायचा कोपरा उडाला.

“मास्तरची काय चूक?” किसनभाऊ म्हणाले. “नंबरच तसा. पण त्यो ऐकंना. मी दवाखान्यातून आलो तर त्यानं सेटरचं काम सोडलेलं. म्हणला, स्टोअर द्या, नायतर चाललो. मंग ही नावं काढली त्यानं. शब्द उलटा ठिवला तर उलटाच दिसतो, दुसरा शब्द न्हाई होत. त्या दिसापासून आपल्या शॉपवर एकाचं नख गेलं न्हाई चुकीच्या डायनं.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण बाविसाव्या वर्षी वाईट वाटणं आणि अक्कल येणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

त्याच सुमारास चाकणच्या मोठ्या कस्टमरचं ऑडिट ठरलं. त्यांना सगळं त्यांच्या पद्धतीने हवं होतं. प्रत्येक डायला बारकोड, प्रत्येक कस्टमरचा वेगळा रंग, सगळं लखलखीत. मॅनेजरसाहेबांनी ते काम माझ्यावर टाकलं. मी एक्सेलमध्ये यादी केली. डावीकडे मास्तरांचं नाव, उजवीकडे नवा नंबर. ब्लॅक म्हणजे अमुक, ट्रिक म्हणजे तमुक. यादी अचूक होती, याचा मला आजही अभिमान आहे. चिखलीच्या एका प्रिंटरकडे स्टिकर टाकले. मास्तर असताना रंगाला हात लावायची माझी हिंमत नव्हती. पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि कधी एक रजा न घेणारे मास्तर आठ दिवसांच्या रजेवर गेले. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

“काही अडलं तर फोन करा, मॅडम. मला वाचता येणार नाही, पण ऐकू येतं.”

गुरुवारी भोसरीत सुट्टी असते. मी दोन पेंटर आणि एक फोर्कलिफ्टवाला बोलावला. सगळ्या डाय बाहेर अंगणात काढल्या. प्रत्येक डायला शेवटचा तयार पार्ट तारेने बांधून ठेवलेला असतो, ते सगळे पार्ट रंग लागू नये म्हणून कापून बिन नावाच्या लोखंडी खोक्यात टाकले. चाकणवाल्यांच्या निळ्या, बाकीच्यांच्या हिरव्या आणि पिवळ्या. पांढरी नावं रंगाखाली गेली. दुपारच्या उन्हात डाय अशा चमकत होत्या की मी त्यांचे फोटो काढून मॅनेजरसाहेबांना पाठवले. त्यांचा अंगठा आला. संध्याकाळी फोर्कलिफ्टवाल्याने जिथे जागा दिसली तिथे त्या रचून टाकल्या. प्रिंटरचा फोन आला, मशीन बिघडलंय, स्टिकर उद्या दुपारी. मी म्हटलं, हरकत नाही.

हरकत काय होती ते शुक्रवारी सकाळी सव्वासातला कळलं. संतोष स्टोअरच्या जाळीशी आला. संतोष कोपऱ्यातल्या प्रेसवरचा ऑपरेटर, मूळचा जालन्याकडचा, राहायला चिखलीत भाड्याच्या खोलीत. गणपतीत पथकात ताशा वाजवायचा आणि बाकी वर्षभर हाताला मिळेल त्या पत्र्यावर.

“ताई, ब्लॅक द्या.”

मी लॅपटॉप उघडला. ब्लॅक, अमुक नंबर. मग रॅककडे पाहिलं. समोर चाकणवाल्यांच्या सगळ्या निळ्या, एकसारख्या. ब्लॅक यातली कुठली, हे ना यादीत होतं, ना डायवर, ना जागेवर. संतोष रॅककडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता.

“ताई, हे काय करून ठिवलं?”

चाकणला दुपारपर्यंत माल गेला नाही तर त्यांची लाइन थांबणार होती. मॅनेजरसाहेब ऑफिसच्या फोनवर त्यांच्याशीच बोलत होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी स्टोअरच्या मागच्या बाजूला गेले आणि मास्तरांना फोन लावला. बराच वेळ कुणी उचलेना, चौथ्यांदा त्यांच्या बायकोने उचलला. “डोळ्यात आत्ताच थेंब टाकलेत हो,” त्या म्हणाल्या, तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला, “कोण, मॅडम? दे इकडे.”

मी सगळं सांगितलं. रंग, बिन, फोर्कलिफ्ट, स्टिकर. एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर ते ओरडले असते असं मला वाटत होतं. ते ओरडले नाहीत.

“कुणी अंदाजाने चढवली का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“डाय. ब्लॅक म्हणून कुणी अंदाजाने दुसरी चढवली का प्रेसवर?”

मी वळून पाहिलं. जाळीजवळ संतोष नव्हता. खालच्या कप्प्यातल्या निळ्या डायांमध्ये एका डायएवढी जागा रिकामी होती.

“मास्तर, संतोष…”

“पळ पोरी,” ते म्हणाले. “पळ!”

मी फोन हातात धरून पळाले. शॉपची लांबी किती असेल, सत्तर-ऐंशी पावलं. पण ती पळायला मला किती वेळ लागला, ते विचारू नका. सुपरवायझरने “हीच असंल, जड तर तेवढीच आहे” म्हणून डाय चढवून दिली होती. बुधवारी प्रेस ब्लॅकच्याच उंचीला लावून ठेवलेली, त्यामुळे उंची तपासायची गरज कुणाला वाटली नव्हती. संतोष पहिला पत्रा आत ठेवत होता. मी ओरडले, ते प्रेसच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मी लाल बटणावर दोन्ही हातांनी पडले. फोन हातातून सुटून जमिनीवरच्या लोखंडी चेकर्ड प्लेटवर आपटला आणि बंद पडला. प्रेस कण्हत थांबली.

“काय झालं, ताई?” संतोष म्हणाला.

किसनभाऊ स्टीलची पट्टी घेऊन आले. डायची उंची मोजली, मग प्रेसची. पुन्हा एकदा दोन्ही मोजल्या. “ही ब्लॅक न्हवं,” ते म्हणाले, “बोटभर उंच हाय.” आणि पट्टी धरलेला आपला हात खिशात घातला.

त्यानंतर सगळं कसं पार पडलं ते आधी सांगून टाकते. मास्तर आले, पण डाय त्यांनी ओळखल्या नाहीत. एक तर डोळ्यांवर काळा चष्मा, आणि दुसरं म्हणजे ते मलाच हसले. “मी नुसती नावं ठेवली,” ते म्हणाले. “नांदवलं यांनी. यांना विचारा.” प्रेस बंद ठेवून सगळ्या ऑपरेटरांना रॅकपुढे उभं केलं, आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. “ही ट्रिक. हिचा पार्ट अडकतो, म्हणून हितं आपणच फाइल मारली होती.” “ही कोंबडी, हिच्या बुडाला वेल्डिंग हाय बघा.” “टोस्ट म्हंजे ही, डाव्या अंगाला दाबली की कुरकुरती.” “ब्लॅक? ही काय! हिनं माझी चप्पल फाडली व्हती.” एकेकाने हात फिरवून, वाकून, ठोकून आपापल्या डाय ओळखल्या. किसनभाऊंनी बिनमधला पार्ट काढून प्रत्येक डायमध्ये बसवून खात्री केली आणि मगच मास्तर मान हलवायचे. मी स्टेन्सिल धरून नव्या रंगावर पांढरं नाव मारत गेले. चाकणची गाडी दोन तास उशिरा सुटली, पण सुटली. दोन डाय तेवढ्या कुणालाच ओळखू आल्या नाहीत. त्यांच्यावर एक जुना माणूस आणि मास्तर यांच्यात अर्धा दिवस वाद झाला. बिनमधला पार्ट दोन्हींत सारखाच बसत होता, म्हणून शेवटी प्रेसवर नवा पार्ट काढूनच बघावा लागला आणि मास्तर हरले.

मॅनेजरसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण ते मला लागू होतं. ऑडिटर आला तेव्हा निळ्या डायवर पांढरं ‘शिफ्ट’ आणि शेजारी बारकोड बघून त्याने विचारलं, हे काय? साहेब चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, “लोकल आयडेंटिफिकेशन.” ऑडिटरने टिक केली. वर्ष संपलं तेव्हा मी कायम झाले. आता मी चाकणला एका दुसऱ्या कंपनीत आहे, तिथे सगळं स्क्रीनवर दिसतं, आणि नवीन मुलं मला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. पण डायची उंची मोजल्याशिवाय मी कुणाला बटण दाबू देत नाही, म्हणजे चांगलं काही म्हणत नसणार.

राहिलं ते फक्त त्या शुक्रवारचं, मास्तर रिक्षातून उतरले तेव्हाचं.

माझा फोन मेला होता. शॉपवर मोबाइलला बंदी, सूट फक्त स्टोअरला, त्यामुळे बाकी सगळ्यांचे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. ऑफिसचा फोन साहेबांच्या कानाला. आणि मी, अक्कलशून्य, प्रेस वाचली, संतोष वाचला या आनंदात मास्तरांना उलट फोन करायचंच विसरले. त्यांना शेवटचं काय ऐकू आलं होतं? माझ्या पळण्याचा आवाज, माझी किंकाळी, आणि लोखंडावर काहीतरी आदळल्याचा आवाज. त्यानंतर काहीच नाही. दापोडीहून भोसरीपर्यंत रिक्षात ते तसेच बसून आले होते. त्यांच्या पत्नी नंतर मला म्हणाल्या की सगळ्या रस्त्यात ते स्वतःचे हात मांडीवर धरून बसले होते.

ते दारातून आत आले. एका बाजूने पत्नीने दंड धरलेला, काळा चष्मा, पायात घरातल्या स्लिपर. स्टोअरकडे वळलेसुद्धा नाहीत. चष्म्यातून त्यांना किती दिसत होतं कोण जाणे, पण सरळ कोपऱ्यातल्या प्रेसकडे चालत गेले. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी यांना कळवलंच नाही.

“कोण होतं प्रेसवर?” त्यांनी विचारलं.

“मी व्हतो, मास्तर,” संतोष पुढे झाला.

“हात दे.”

संतोषने उजवा हात पुढे केला. मास्तरांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चाचपून पाहिलं, नखापर्यंत. मग म्हणाले, “दुसरा.” दुसराही तसाच चाचपला. पुन्हा पहिला मागितला. त्याचे हात ऑइलने बरबटलेले, आणि मास्तरांचा पांढरा शर्ट कोपरापर्यंत काळा होत चाललेला.

“समदी हायेत, मास्तर,” तो हळूच म्हणाला. “बघा की. समदी हायेत.”

मास्तर तिथेच एका निळ्या डायवर मटकन खाली बसले. त्यांनी चष्मा काढला आणि लहान मुलासारखे, मोठ्याने, कुणाचीही लाज न बाळगता रडायला लागले. किसनभाऊ येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. माझेही डोळे वाहत होते, संतोषचेही, आणि इतकं हलकं मला आयुष्यात आधी कधी वाटलं नव्हतं.

मास्तरांच्या पत्नीने मात्र पदर खोचला आणि साऱ्या शॉपला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना झापलं, “अहो, काय करताय! डॉक्टरांनी आठ दिवस डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलंय ना?”

मास्तर रडता रडता थांबले, बायकोकडे बघितलं, आणि हसायला लागले.